जोकरला घाबरणारं इथे अजून कुणी आहे का?

सांजवारा

आमच्या सोसायटीत बालदिनाला जोकर येणार आहे. ग्रूपवर निरोप आला, मी वर्गणी भरली आणि मुकाट्याने त्या दिवसाचं सोलापूरचं तिकीट काढलं. बायकोला सांगितलं, आईला भेटून बरेच दिवस झाले. आई फोनवर म्हणाली, "अरे, दिवाळीत तर येऊन गेलास." खरं कारण दोघींनाही ठाऊक आहे, पण दोघी सभ्य आहेत.

मला पालीची, अंधाराची, उंचीची, साहेबाची भीती वाटत नाही. रंगवलेल्या तोंडाच्या माणसाची वाटते. दाढी पिकायला लागली तरी वाटते. मॉलमध्ये फुगे वाटणारा जोकर दिसला की मी काही काम नसताना वरच्या मजल्यावर जातो.

मूळ शोधायला फार खणावं लागत नाही. लहानपणी सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेत सर्कस पाहिली होती. झोपाळ्यांखालची जाळी ताणायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात जोकरांना सोडतात. ते एकमेकांच्या ढुंगणावर फळी मारत होते, फाडकन आवाज निघत होता, आणि तोवर मीही हसत होतो. मग त्यातला एक कठडा ओलांडून खुर्च्यांत शिरला आणि थेट माझ्यासमोर वाकला. रंगाने काढलेलं तोंड कानापर्यंत हसत होतं. त्या रंगाच्या आत त्याचे खरे ओठ होते, ते घट्ट मिटलेले होते, आणि तो नाकाने धापा टाकत होता. हा हसतोय की रागावलाय तेच मला कळेना. मी भोकाड पसरलं तसे आजूबाजूचे आणखी हसायला लागले. बाबांनी मला पुढे ढकललं, "हात मिळव, काही करत नाही तो."

एवढंच. त्याने खरंच काही केलं नाही. म्हणून तर सांगताना पंचाईत होते, गोष्टीत गोष्टच नाही.

आता मुद्दा. लेक तीन वर्षांची आहे. तिला जोकर बघायचाय. तिने माझा चेहरा बघून घाबरायला शिकू नये एवढीच इच्छा आहे. कुणाची अशी भीती होती का, गेली का, कशी गेली? चेष्टा करायची असेल तर करा, सवय आहे.

मिरचीभजी

+१. मला वाटायचं जगात मी एकटीच. माझा जोकर सर्कशीतला नाही. बर्गरच्या दुकानाबाहेर बाकावर हात पसरून बसलेला पुतळा असायचा ना, तो. लोक त्याच्या कुशीत बसून फोटो काढायचे. आमच्याकडे माझा असा फोटो आहे, त्यात मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला अर्धी हवेत बसलेली आहे.

पाटीवाला

ही सगळी अमेरिकेतून आलेली थेरं. तिकडच्या भयपटात जोकर गटारातून हात बाहेर काढतो, ते बघून इकडच्यांनाही भीती वाटायला लागली. आम्ही सर्कस बघायचो, शेंगा खायचो, हसायचो, घरी यायचो. मराठी माणसाने या देशाला सर्कस दिली. विष्णुपंत छत्रे, साल १८८०. मागोमाग देवलांची आली, कार्लेकरांची आली. तेव्हा जोकरला बघून कुणाची गाळण उडाल्याचं ऐकिवात नाही.

अनुस्वार

तेव्हा पोरांना कुणी विचारलं होतं, पाटीवाला?

आणि हसवणाऱ्या माणसाने विचित्र दिसावं ही काही अमेरिकेची आयात नव्हे. नाट्यशास्त्रात विदूषक कसा असावा ते सांगितलंय. बुटका, दात पुढे आलेले, पाठीला कुबड, वेडंवाकडं तोंड, टक्कल, पिंगट डोळे. हा माणूस अंधारात एकाएकी समोर आला तर तुम्ही हसाल की पळाल? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक सुरू केलं, त्या परंपरेत राक्षस अशा आरोळ्या ठोकत यायचे की त्या नाटकांना लोक 'अललडुर्र' म्हणायला लागले. पुढच्या सतरंजीवरची पोरं तेव्हा काय शेंगा खात बसली असतील?

पाटीवाला

राक्षसाला घाबरायचंच असतं. जोकरला हसायचं असतं. एवढा फरक आम्हाला कळायचा.

शिकागोची सून

पाटीवाला, सिनेमाने भीती वाढवली हे खरं, पण निर्माण केली नाही. क्रम लावून बघा. तुम्ही म्हणता त्या गटारातल्या जोकरची मूळ कादंबरी, स्टीफन किंगची 'इट', १९८६ची. त्याच्या आधीच, डिसेंबर १९७८मध्ये, आमच्या या शिकागोच्या उपनगरात जॉन वेन गेसी पकडला गेला होता. तेहतीस खून केलेला माणूस, आणि एरवी जोकर बनून मिरवणुकांत आणि मुलांच्या कार्यक्रमांत जाणारा. त्याला १९९४मध्ये मृत्युदंड झाला. इथल्या वयस्कर शेजारणी अजून त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात.

त्याच्याही मागे जायचं तर पॅरिसला देब्युरो नावाचा नट होता, पांढऱ्या तोंडाचा, मूक अभिनय करणारा, लोकांचा अतिशय लाडका. १८३६ साली रस्त्यात एका पोराने त्याला चिडवलं म्हणून त्याने हातातली काठी हाणली, पोरगा मेला. खटला चालला आणि तो सुटला. लंडनचा विदूषक ग्रिमाल्डी, ज्याने पांढरं तोंड आणि लाल गाल रूढ केले, तो लोकांना हसवून हसवून शरीराने पार मोडून गेला. मेल्यावर त्याच्या आठवणी संपादित केल्या कुणी, तर कादंबरीकार डिकन्सने, तरुणपणी. रंगाखाली दुसरंच काही असतं ही कुजबुज तेव्हापासूनची आहे.

२०१६चा ऑगस्ट मला चांगला आठवतो. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये मुलांनी सांगितलं की रानात जोकर उभे असतात, आणि बघता बघता देशभर तेच सुरू झालं. बहुतेक सगळ्या अफवा आणि टवाळ पोरांचे उद्योग. पण त्या वर्षी मुलाच्या शाळेतून पत्र आलं, हॅलोवीनला जोकरचा वेश नको. मला मनातून बरं वाटलं होतं.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे जोकर कुठला राजेहो, आमच्याकडे पोतराज. कंबरेला चिंध्यांचा घागरा, मोकळे केस, कपाळभर हळदकुंकू, आणि स्वतःच्याच उघड्या अंगावर आसूडाचे फटके. सोबतच्या बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा आणि ढोलकं. ढोलक्याचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला का मी धान्याच्या कोठीमागं. माय म्हणायची, "जेवत नाहीस ना, पोतराजाले देऊन टाकतो तुले." जेवण झालं तरी मी कोठीमागंच.

मोठा झालो तेव्हा समजलं का तो पोटासाठी स्वतःला मारून घेत होता आणि त्याच्याही घरी पोरं होती. ते पाहून वाईट वाटते, पण छातीतली धडधड काही कमी होत नाही. समजणं आणि धडधडणं, यांची आपसात काही बोलचाल नाही.

मिरचीभजी

"पोतराजाला देऊन टाकीन" हे सगळ्या महाराष्ट्रातल्या आयांना कुणी शिकवलं काय माहीत! आमच्याकडे पोलीस, बुवा आणि गारुडी अशी पाळी लावलेली असायची.

तळकोकणी

पाटीवाला म्हणतायत की राक्षसाला घाबरायचं आणि जोकरला हसायचं. आमच्याकडे दोन्ही एकच माणूस करतो. संकासुर.

दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या देवळातल्या रात्रीच्या नाटकात, मुख्य आख्यानाच्या आधी जो भाग होतो त्यात तो येतो. वेद पळवणारा असुर, शेवटी विष्णू त्याला मारतो. पण मरेपर्यंत तो अख्खं देऊळ हसवतो. काळा वेश, तोंडावर काळा मुखवटा, बोलणं ठेवणीतलं नाही, शुद्ध मालवणी. गावच्या सरपंचाची टोपी उडवणार, कुणाच्या उधारीवर बोलणार. सगळे पोट धरून हसतायत आणि मग तो पुढे बसलेल्या एखाद्या पोराकडे वळून विचारणार, "कोणाचो झील रे तू?" म्हणजे कुणाचा मुलगा. संपलं. पोर आईच्या पदरात.

वर रत्नागिरीकडे गुहागर-दापोलीच्या बाजूला शिमग्यात खेळे निघतात, त्यांचा संकासुर वेगळा. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच टोकाची काळी टोपी तोंडासकट, पांढरी दाढी, कंबरेला घुंगरं, हातात काठी नाहीतर दोर. तो नाचतोही आणि पोरांच्या मागे धावतोही. पण तिथे एक गंमत आहे. पोरं त्याला घाबरतात, पळतात, आणि पुन्हा त्याला डिवचायला परत येतात. लांबून ओरडतात, तो धावला की परत पळतात. दिवसभर हाच धंदा. दोन-तीन शिमगे झाले की त्याच पोरांना संकासुर व्हायचं असतं.

मला वाटतं सांजवारा यांच्या बाबतीत हेच झालं नाही. पळायला वाट नव्हती. मागे बाबा, पुढे जोकर.

सांजवारा

तळकोकणी, शेवटची ओळ दोनदा वाचली. बाबांना दोष द्यायचा नाही, त्यांच्या मते ते मला धीट करत होते. पण वाट नव्हती हे अगदी बरोबर.

डॉ_फुरसत

बालरोगतज्ज्ञ आहे, मानसतज्ज्ञ नाही, तेवढं मीठ घालून वाचा.

दोन-तीन वर्षांच्या मुलाने मुखवट्याला, रंगवलेल्या तोंडाला, दाढीवाल्या सांताक्लॉजला घाबरणं ही अडचण नाही, ती अक्कल आहे. या वयात मूल माणूस ओळखतं ते चेहऱ्यावरून, आणि चेहरा बदलला तरी आत माणूस तोच असतो ही समज अजून पक्की झालेली नसते. बहुतेकांची ही भीती शाळेत रुळेपर्यंत आपोआप ओसरते. थोड्यांची राहते.

वेल्समधल्या संशोधकांनी ६४ देशांतल्या ९८७ प्रौढांना याबद्दल विचारलं होतं. निम्म्याहून जरा जास्त लोकांनी थोडी तरी भीती वाटते असं सांगितलं, आणि सुमारे ५ टक्के लोकांनी अतिशय वाटते असं. म्हणजे सांजवारा, तुम्ही एकटे नाही. मला त्यातलं जास्त रोचक वाटलं ते कारण. जोकरने प्रत्यक्ष काही वाईट केलं म्हणून घाबरतो, हे कारण यादीत अगदी तळाला होतं. वर होतं ते असं की रंगामुळे त्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. तुम्ही वर लिहिलेल्या मिटलेल्या ओठांचं वर्णन मी त्या संशोधकांना पाठवायला हवं.

दवाखान्यात आम्हालाही हे शिकावं लागलं. शेफिल्डच्या लोकांनी २००८ साली ४ ते १६ वयाच्या अडीचशेहून जास्त मुलांना रुग्णालयाच्या भिंतीवर काय हवं ते विचारलं, तर जोकरची चित्रं कुणालाच नको होती, मोठ्या मुलांनाही नाही. आणि आपण बालविभाग म्हटला की पहिला जोकर रंगवतो!

उलट बाजूही आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८६पासून सर्कशीतले विदूषक रुग्णालयात जाऊन मुलांना भेटायला लागले, आता बऱ्याच देशांत ते चालतं, आणि शस्त्रक्रियेआधीची मुलांची धास्ती त्याने कमी होते असं दिसलंय. पण ते कसे जातात ते बघा. रंग जवळजवळ नाहीच, फक्त लाल नाक. दारात उभे राहून विचारतात, येऊ का? मूल नाही म्हणालं तर तिथूनच निघून जातात. त्या आजारी मुलाला दिवसभरात दुसऱ्या कुणालाच नाही म्हणता येत नाही, फक्त त्या विदूषकाला येतं.

भटकी मांजर

मग एक भाबडा प्रश्न. गणपतीला मुलं का घाबरत नाहीत? हत्तीचं तोंड, चार हात, एक दात तुटलेला. माझा भाचा जोकरला बघून निळा पडतो आणि बाप्पाच्या सोंडेला मोदक भरवतो.

अनुस्वार

कारण बाप्पाची गोष्ट त्याला आधी सांगितलेली असते. तो कोणाचा मुलगा, काय खातो, कशावर बसतो, सगळं ठाऊक. जोकरची गोष्ट कुणी सांगतं का? तो कुठून आला, घरी कोण आहे, रात्री काय जेवतो? तो नुसताच येतो.

पाटीवाला

आणि बाप्पा अंगावर येत नाही. मखरात बसतो. (हे मी भीतीच्या बाजूने बोलत नाहीये, नोंद घ्यावी.)

रंगपेटी

हौशी नाटकांची रंगभूषा करते, आणि मामा बरीच वर्षं एका सर्कशीच्या बँडमध्ये होता, म्हणून दोन शब्द.

सर्कशीतला रंग जवळून बघण्यासाठी नसतोच. तंबू मोठा, शेवटची फळकुटं लांब, तिथल्या दोन रुपयेवाल्याला जोकरचं तोंड दिसावं म्हणून ओठ गालापर्यंत ओढायचे, भुवया कपाळावर चढवायच्या. पांढरा सफेदा तेलात खलून लावतात. दिवसाला तीन खेळ, वरून दिव्यांची धग, उन्हाळ्यात तर तंबूची भट्टी. दुसऱ्या खेळापर्यंत घामाने रंग चिरतो, डोळ्यांच्या कडेला ओघळ येतात, आणि पुसून परत लावायला वेळ नसतो, वरच्यावर थापतात. लांबून काही कळत नाही. दोन फुटांवरून ते भेसूर दिसणारच. धागाकर्त्याने पाहिलं ते खरं होतं, त्याच्या मनाचे खेळ नव्हते. नाटकात मी तोच रंग लावून नटाला घरच्या लग्नात पाठवलं तर लग्न मोडेल.

वाढदिवसाच्या जोकरची गोम इथेच आहे. रंग तंबूचा आणि अंतर दिवाणखान्याचं.

अजून एक, थोडं अवघड आहे पण बोलते. आपल्याकडच्या सर्कशीत जोकर म्हणजे बहुतेक वेळा कमी उंचीची माणसं. कुणी बिहारचा, कुणी केरळचा, दुसरीकडे काम मिळत नाही म्हणून तंबूत आलेला. मामा सांगायचा की त्यातले काही उत्तम झोपाळेवाले होते. शेवटच्या खेळात जो झोपाळ्यावरून पडता पडता चड्डी सुटून लोंबकळतो ना, ते चुकण्याचं नाटक न चुकता करायला बाकीच्यांपेक्षा जास्त कसब लागतं. वाघसिंह १९९८च्या अधिसूचनेने आणि मग २००१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सर्कशीतून गेले, तेव्हा मोकळा झालेला वेळ भरायला पुन्हा हीच माणसं. तर जोकरची भीती असणाऱ्यांनी एवढं बघा की ती रस्त्यात भेटणाऱ्या बुटक्या माणसावर सांडत नाही ना. मामाच्या एका मित्राला बसमध्ये बघून एक बाई पोराला म्हणाली होती, "बघ जोकर." त्याने त्या दिवशी काहीही रंग लावलेला नव्हता.

शिकागोची सून

रंगपेटी, शेवटचं वाचून पोटात कालवलं.

मिरचीभजी

रंग तंबूचा आणि अंतर दिवाणखान्याचं! हे फ्रेम करून सोसायटीच्या सूचनाफलकावर लावा.

सांजवारा

सगळ्यांचे आभार, चेष्टा फारशी झाली नाही याचं आश्चर्य वाटतंय.

रंगपेटींचं वाचून एक सुचलं आणि धाडस करून सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना फोन केला. म्हटलं, त्या माणसाला रंग लावून आणण्याऐवजी रंगाची डबी घेऊन साध्या कपड्यांत यायला सांगता येईल का? मुलांसमोर बसून लावू दे. मुलांनी नाक लावावं, गाल रंगवावेत. त्या म्हणाल्या, "पण मग सरप्राइझ राहणार नाही." मी म्हटलं, सरप्राइझच नकोय. विचारून सांगते म्हणाल्या. तिकीट अजून रद्द केलेलं नाही, तेवढा शूर मी नाही.

डॉक्टर, लेकीसमोर मी कसं वागायचं? हसऱ्या तोंडाने उभं राहून नाटक करू का?

डॉ_फुरसत

नाटक नको, मुलांना ते कळतं. तुमचं तोंड हसरं आणि हात घट्ट, म्हणजे तुम्हीच तिच्यासाठी जोकर झालात. साधं सांगा, "बाबाला जोकर फारसा आवडत नाही, तुला आवडत असेल तर जा, मी इथे बाकावर आहे." तिला ढकलायचं नाही, ओढायचंही नाही. ती अर्ध्या वाटेतून परत आली तर कौतुक नको आणि टोमणा तर नकोच.

तुमच्या स्वतःच्या भीतीचं म्हणाल तर ती जाण्याचा मार्ग पायरीपायरीचा असतो. आधी चित्र, मग रंग लावतानाची चित्रफीत (ही बऱ्याच जणांना मदत करते, कारण माणूस आधी दिसतो), मग लांबून प्रत्यक्ष, मग जवळून. प्रत्येक पायरीवर धडधड आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, मध्येच पळालं तर भीतीचाच विजय होतो. एकदम शेवटच्या पायरीवर फेकलं तर बाबांचाच प्रयोग दुसऱ्यांदा होईल. रोजचं आयुष्य अडत असेल तर समुपदेशकाकडे जा. मॉलमध्ये एक मजला वर जाणं याला मी अडणं म्हणणार नाही, तेवढाच व्यायाम.

वऱ्हाडी ठेचा

डॉक्टर, पोतराजाची चित्रफीत चालते का? ढोलक्याचा आवाज बंद करून बघू का आधी?

डॉ_फुरसत

उत्तम पायरी आहे. आवाज शेवटी चढवा.

भटकी मांजर

तळकोकणी, अवांतर: भाच्याला घेऊन दशावतार बघायचाय. केव्हा आणि कुठे जावं? पाच वर्षांचा आहे.

तळकोकणी

कार्तिकी पौर्णिमा झाली की जत्रा लागतात, मग गावोगाव दहिकाला, म्हणजे दशावताराचे खेळ. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, मालवण, कुठेही जा, कुठल्या ना कुठल्या देवळात चालू असतोच. मुख्य आख्यान उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे पोराला दुपारी झोपवून आणा. गणपती आणि संकासुर आधीच येतात, तेवढं बघून तो झोपला तरी हरकत नाही. जमलं तर नट रंग लावत असतात तिथे आधी घेऊन जा. स्वतःच आरशासमोर बसून लावतात, पोरांना हाकलत नाहीत. आणि काही झालं तरी पहिल्या रांगेत बसवू नका. संकासुर तिथल्यालाच धरतो.

भटकी मांजर

आणि त्याने मला धरलं तर?

तळकोकणी

कोणाचे कोण ते सांगायचं आणि खिशातली नोट काढायची. नोट घेतल्याशिवाय जात नाही तो.